अल्ट्रासाऊंड आणि सूक्ष्म बुडबुड्यांनी केमो थेट गाठीत जास्त पोचते म्हणतात, खरं आहे का? मामांसाठी विचारतोय

अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत आलोय, धागा आज पहिल्यांदा काढतोय.

मामांचं वय ६१. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, सगळ्यांना वाटलं साधी कावीळ, झाडपाल्याच्या औषधात वेळ गेला आणि मग सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. पित्तनलिकेत स्टेंट टाकला, कावीळ उतरली. सर्जन म्हणाले गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला वेढा घातलाय, आत्ता ऑपरेशन करता येत नाही, आधी केमो देऊन बघू. जेमसिटाबिन आणि पॅक्लिटॅक्सेल चालू आहे. हातापायाला मुंग्या, तोंडाला चव नाही, पण माणूस धीराचा आहे.

परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रक्तात बारीक बुडबुडे सोडतात, बाहेरून आवाजाच्या लहरी मारतात, बुडबुडे फुटतात आणि औषध फक्त गाठीत जातं, बाकी शरीराला त्रास नाही. त्याच्या खाली कुणीतरी नंबर टाकलेला, मावसभावानं फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणतो साडेतीन लाखाचं पॅकेज आहे, ध्वनी थेरपी, केमो लगेच बंद करा नाहीतर आमच्या उपचाराचा गुण येणार नाही. मामी पाटल्या मोडायला निघाल्यात. मी त्यांना म्हटलं दोन दिवस थांबा, विचारून सांगतो.

तर यात शास्त्र किती खरं आहे, आपल्याकडं कुठं करतात का, आणि केमो बंद करा हे जे सांगतायत त्याचं काय?

पार्कचौक

केमो बंद करू नका. पाटल्या मोडू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

कडकभाकरी

फ्रॉड हाय ओ मालक सगळा. आधी आयनांचं पाणी होतं, मग चुंबकाची गादी आली, आता बुडबुडे. आजारी माणसाच्या घरचे लोक घाबरलेले असतात, हे लोक बरोबर तेच बगून फोन करतेत. नंबर ब्लॉक करा आणि मामाला चांगलं खाऊ घाला.

ध्वनिलहरी

कडकभाकरी, त्या फोनवाल्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण त्याच्याबरोबर हे शास्त्रही कचऱ्यात टाकू नका, कारण ते खरं आहे आणि मी स्वतः त्याच्या शेजारच्या विषयात काम करतो. (मूळ सोलापूरचाच, सध्या पुण्यात बायोमेडिकल इंजिनिअर.) जरा सविस्तर लिहितो.

केमोची मूळ अडचण अशी की शिरेतून दिलेलं औषध सगळ्या अंगभर फिरतं आणि गाठीच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. डोस वाढवावा तर केस, आतडी, रक्तपेशी, नसा यांचे हाल. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाला तर आयुष्यभराची मर्यादा आहे, त्यापुढं हृदयाला धोका. स्वादुपिंडाच्या गाठीत हे आणखी अवघड, कारण कॅन्सरच्या पेशींभोवती दाट तंतूमय ऊती माजलेली असते, रक्तवाहिन्या दबलेल्या असतात आणि गाठीच्या आतल्या द्रवाचाच दाब इतका चढलेला असतो की रक्तातलं औषध बाहेर पडून आत शिरायला बघत नाही.

आता बुडबुडे. यांचा आकार साधारण १ ते १० मायक्रोमीटर, तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रोमीटरची असते, म्हणजे केशवाहिनीतून आरामात जातात. आत न विरघळणारा जड वायू आणि बाहेर फॉस्फोलिपिडचं नाहीतर प्रथिनाचं पातळ कवच. अल्ट्रासाऊंडची लहर आली की बुडबुडा दाबला जातो, लगेच फुगतो, परत दाबला जातो. १ मेगाहर्ट्झची लहर असेल तर हे सेकंदाला १० लाख वेळा. ताकद कमी ठेवली तर बुडबुडा न फुटता नुसता धडधडत राहतो, त्यानं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी किंचित एकमेकींपासून सरकतात आणि शेजारचा द्रव ढवळला जातो. ताकद वाढवली तर बुडबुडा कोसळतो, त्यातून द्रवाची बारीक धार सुटते आणि पेशीच्या पडद्याला तात्पुरती भोकं पडतात. त्याला सोनोपोरेशन म्हणतात. ती भोकं थोड्या वेळात बुजतात पण तेवढ्यात औषध आत जातं. आणि हे सगळं जिथं लहरींचा झोत धरलाय तिथंच होतं. बुडबुडे अंगभर फिरत असतात पण बाकी ठिकाणी शांत राहतात. नेमकेपणा जो म्हणतात तो हाच.

व्हिडिओत दाखवतात तसे औषध पोटात भरलेले बुडबुडे बनवायचं काम प्रयोगशाळांत चालू आहे, पण माणसांवरच्या बऱ्याच चाचण्यांत औषध वेगळं, नेहमीच्याच सलाईनमधून, आणि बुडबुडे वेगळे असंच देतात. म्हणजे केमो त्यात असतेच. केमो बंद करा म्हणणाऱ्याला या उपचाराचा पहिला धडाही ठाऊक नाही.

चारदिवसाआड

दाबाचं सोलापूरकराला समजेल असं सांगतो. नळाला पाणी आलंय पण वर चढायला दाबच नाही, टाकी कोरडी. मग आपण काय करतो, गुपचूप मोटर लावतो. बुडबुडे म्हणजे मोटर. बरोबर का सर?

ध्वनिलहरी

एकदम बरोबर. आणि मोटर फक्त आपल्याच घराला लावलेली, शेजाऱ्याचं पाणी न ओढता.

पार्कचौक

चारदिवसाआड, महापालिकेचं कुणी वाचत असेल, जपून.

डॉ_सोनो

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून बुडबुड्यांबद्दल जे हातानं केलंय ते सांगतो. हे काही नवलाचं रसायन नाही. १९६८ मध्ये ग्रामियाक आणि शाह यांनी महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, मुळाशी इंजेक्शन देताना अल्ट्रासाऊंडवर अचानक लख्ख प्रतिध्वनी दिसल्याचं लिहिलं, तो बारीक बुडबुड्यांचा होता. तिथून पुढं हृदयाच्या आणि लिव्हरच्या तपासणीसाठी बुडबुडे मुद्दाम बनवायला लागले. अमेरिकेत ऑप्टिसनला १९९७ मध्ये, डेफिनिटीला २००१ मध्ये मंजुरी मिळाली, युरोपात सोनोव्ह्यू २००१ पासून. म्हणजे निदानासाठी ही औषधं वीस वर्षांपेक्षा जास्त काळ वापरात आहेत.

रेसिडेन्सीत असताना सोनोव्ह्यू तयार करायचो. कुपीत तळाला पांढरी पावडर आणि वर वायू. ५ मिली सलाईन घालायचं, २० सेकंद जोरात हलवायचं, पारदर्शक पाणी एकदम दुधाळ होतं. तो दुधाळपणा म्हणजेच बुडबुडे. थोडा वेळ तसंच ठेवलं तर ते वर जमतात, मग परत हलवायचं. बारीक सुईतून जोरात ढकललं तर दाबानं फुटतात, म्हणून २० गेजची रुंद सुई, हळू ढकलायचं आणि मागून सलाईन. स्क्रीनवर आधी काळं असलेलं लिव्हर काही सेकंदांत उजळत जातं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी प्रोब धरून नुसता बघतच राहिलो होतो.

काही मिनिटांत वायू फुप्फुसातून श्वासावाटे निघून जातो, कवच लिव्हर पचवतं. किडनीवर भार नाही, हा सीटीच्या डायपेक्षा मोठा फायदा.

रोहित्र_३३केव्ही

डॉक्टर, वायू कुठला असतो? जड म्हणालात म्हणून विचारलं.

डॉ_सोनो

सोनोव्ह्यूत सल्फर हेक्झाफ्लोराईड. बाकीच्यांत परफ्लुओरोकार्बन.

रोहित्र_३३केव्ही

अहो मग तो तर आमच्या सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये असतो! एसएफ-सिक्स. ठिणगी विझवायला भरतात. हवेच्या पाचपट जड, कशाशीच रिअ‍ॅक्शन करत नाही. इतकी वर्षं गेजचा काटा बघून तो भरून घेतोय, माणसाच्या रक्तात घालतात हे आज कळलं. पण शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो असं ऐकलंय, मग हे कसं चालतं?

डॉ_सोनो

प्रमाण बघा. तयार द्रवाच्या एका मिलीत वायू ८ मायक्रोलिटर. लिव्हर बघायला साधारण २.४ मिली देतो, म्हणजे सगळा मिळून २० मायक्रोलिटरच्याही आत, सलाईनच्या एका थेंबापेक्षा कमी. आणि तो लाखो-करोडो तुकड्यांत वाटलेला. हवेचा मोठा बुडबुडा रक्तवाहिनी अडवतो, हे अडकत नाहीत.

धोका अगदीच नाही असं म्हणणार नाही. क्वचित कुणाला तीव्र ऍलर्जी येते, म्हणून देताना आणि दिल्यावर अर्धा तास पेशंटवर लक्ष ठेवायचं. हृदयाचा अस्थिर आजार असेल तर आधी सांगायचं, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची ऍलर्जी असेल तरीही.

जुळेसोलापूरकर

वाचनखूण साठवली. माझ्या मोठ्या बहिणीला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, होता. तेव्हा न्यूरोसर्जननी सांगितलं होतं की बहुतेक औषधं मेंदूत पोचतच नाहीत, रक्त आणि मेंदूच्या मध्ये पडदा असतो. ताई आता नाही, तरी हा विषय दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. मेंदूसाठी यातलं काही चाललंय का?

ध्वनिलहरी

ताईंबद्दल वाचून वाईट वाटलं.

मेंदूसाठी यात सगळ्यात जास्त काम झालंय. २००१ मध्ये हिनिनन आणि सहकाऱ्यांनी सशांवर दाखवलं की बुडबुडे आणि एका बिंदूवर धरलेला अल्ट्रासाऊंड मिळून तो पडदा इजा न करता तात्पुरता उघडता येतो. कवटी लहरी शोषून घेते ही मोठी अडचण, त्यावर दोन वाटा निघाल्या. पॅरिसच्या कार्पेंतिये यांच्या गटानं २०१४ पासून कवटीतच एक छोटं उपकरण बसवून पेशंटमध्ये करून बघितलं. टोरोंटोच्या सनीब्रूकमध्ये २०१५ मध्ये डोक्याला छेद न देता, हजारभर घटकांचं हेल्मेट वापरून आणि एमआरआयमध्ये बघत बघत, डॉक्सोरुबिसिन दिलेल्या ब्रेन ट्यूमरच्या पेशंटमध्ये पडदा उघडला.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमधला अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय मासिकात आला, १७ पेशंट, ग्लिओब्लास्टोमा उलटलेले. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी मेंदूचे बारीक नमुने घेऊन औषध खरंच मोजलं. लहरी दिलेल्या भागात पॅक्लिटॅक्सेल ३.७ पट आणि कार्बोप्लाटिन ५.९ पट निघालं. पडदा बहुतांशी तासाभरात परत मिटायला लागतो, म्हणजे औषध कधी द्यायचं ते घड्याळ लावून ठरवावं लागतं. औषध पोचतं हे आता वादाचं राहिलेलं नाही. त्यामुळं आयुष्य किती वाढतं त्यासाठी मोठ्या चाचण्या चालू आहेत.

जुळेसोलापूरकर

३.७ पट... धन्यवाद. हे ताईला सांगायला आवडलं असतं. तिला आकडे आवडायचे, बँकेत होती.

अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार, कामावरून आल्यावर सगळं वाचलं, मामींना फोनवर अर्धं वाचून दाखवलं. स्वादुपिंडासाठी माणसांवर काही झालंय का?

ध्वनिलहरी

झालंय. नॉर्वेत बर्गन इथं. २०१६ मध्ये छापून आलं. ऑपरेशन न होणाऱ्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे १० पेशंट, नेहमीचंच जेमसिटाबिन, सलाईन संपल्यावर सोनोव्ह्यूचे छोटे छोटे डोस आणि साधारण अर्धा तास पोटावर प्रोब. मशीन हॉस्पिटलात रोज असतं तसलंच, फक्त सेटिंग बदललेलं. बुडबुड्यांमुळं केमोचा त्रास वाढलेला दिसला नाही, पेशंट केमोच्या जास्त फेऱ्या (सायकल) सोसू शकले. मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्यापेक्षा जास्त जगले तो काळ, १७.६ महिने, त्याच हॉस्पिटलच्या आधीच्या पेशंटमध्ये ८.९ महिने होतं.

कडकभाकरी

दुप्पट? मग मी माझे शब्द मागं घेतो बगा. इतकं चांगलं असेल तर सगळीकडं का करत न्हाईत?

बार्शीकर

इथं जरा थांबू या, कारण १७.६ आणि ८.९ हे दोनच आकडे घेऊन उद्या दुसरा व्हिडिओ निघेल.

१० पेशंट. समोर चिठ्ठ्या टाकून निवडलेला गट नाही, आधीच्या नोंदींशी तुलना. ज्यांची तब्येत बरी होती, अर्धा तास पडून राहू शकत होते, तेच अभ्यासात आले असतील तर ते तसेही जास्त जगले असते. संशोधकांनी तो पहिल्या टप्प्याचा, सुरक्षितता बघणारा अभ्यास म्हणूनच केलाय. आशा वाटावी असा आहे, पुरावा म्हणावा असा नाही.

पुरावा कसा असतो ते आपल्या शेजारीच बघा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा आणि परदेशातल्या संस्थेबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट, कुठल्या गटाला कुठली तपासणी ते चिठ्ठीवर. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं की आयुष्यात एकदा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३४ आणि तुलनेच्या गटात ६४. जगभरच्या तपासणीच्या धोरणात त्याचा दाखला देतात. आमच्या आत्याच्या गावात नर्सबाई घरोघर जाऊन बायकांना तयार करायच्या, कुणी सासूला विचारून सांगते म्हणायची, कुणी शेतात पळायची, त्या परत दुसऱ्या दिवशी हजर. एक आकडा त्या पायपिटीतून येतो. बुडबुड्यांना अजून ती पायपीट करायची आहे.

गड्डायात्री

बार्शीकर, बाकी सहमत पण हेही सांगा की तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीच दिली नव्हती, त्यावर पुढं बराच वाद झाला. त्या ६४ मधल्या काही वाचल्या असत्या. खेड्यातल्या गरीब बायका होत्या म्हणून चाललं.

बार्शीकर

वाद झाला हे खरं आणि व्हायलाच हवा होता. त्या वेळी आपल्या खेड्यांत तपासणी अशी नव्हतीच, तेच नेहमीचं उपचारमान धरलं, हे संशोधकांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही आणि चाचणी झाली नसती तर बरं होतं असंही म्हणवत नाही. आत्याच्या गावातल्या दोघी त्या तपासणीमुळं आज आहेत.

गड्डायात्री

हम्म. यावर वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

शेंगाचटणी

अडाणी प्रश्न आहे पण मनात आला. गाठीला असं हलवलं, भोकं पाडली, तर कॅन्सरच्या पेशी सुटून दुसरीकडं पसरणार नाहीत का? आमच्याकडं म्हातारी माणसं बायोप्सीलाही घाबरतात, सुई लावली की पसरतो म्हणून.

ध्वनिलहरी

अडाणी अजिबात नाही, संशोधकही हाच प्रश्न विचारतात. गाठ फाडायची ताकद इथं वापरतच नाहीत, बर्गनमध्ये तर निदानाच्या तपासणीइतकीच कमी ठेवली होती. तरीही पुढच्या चाचण्यांत हे मुद्दाम बघावंच लागतं. बायोप्सीच्या भीतीनं निदान लांबवणं मात्र नक्की धोक्याचं.

त्याच निमित्तानं, व्हिडिओत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असणार. एक हायफू, त्यात लहरी एका बिंदूवर धरून उष्णतेनं ऊती जाळतात. दुसरी हिस्टोट्रिप्सी, त्यात लहरींच्या दाबानं ऊतीतच बुडबुडे तयार करून तिचा चेंदामेंदा करतात, तिला अमेरिकेत लिव्हरच्या गाठींसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. या दोन्हींत औषध पोचवायचं काम नाही. तिसरी आपल्या धाग्याची. मंजुरी दुसरीची दाखवायची आणि पैसे तिसरीच्या नावानं घ्यायचे, असा प्रकार दिसतोय.

सुपारीसोडली

तोंडाच्या कॅन्सरला वापरता येईल का हे? आपल्याकडं माव्यानं तरुण पोरं चाललीत. माझ्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसतात.

डॉ_सोनो

लहर जिथं पोचते तिथं तत्त्वतः करता येतं. हवा आणि हाड हे तिचे दोन वैरी. फुप्फुसात हवा, म्हणून अवघड. स्वादुपिंडाच्या पुढं पोट आणि आतडी, त्यातला गॅस आडवा येतो, म्हणून उपाशीपोटी बोलावतात. लिव्हर त्यातल्या त्यात सोपं. फिलाडेल्फियाच्या गटानं लिव्हरमध्ये औषधाऐवजी किरणोत्सारी कण सोडायच्या उपचाराला बुडबुड्यांची जोड देऊन बघितली, २०२१ मध्ये छापलं, प्रतिसाद चांगला होता. बुडबुडे फुटले की गाठीच्या रक्तवाहिन्या किरणांना जास्त हळव्या होतात.

मावा मात्र आज सोडता येतो. तोंडात पंधरा दिवसांत न भरलेलं व्रण असेल तर दाखवून घ्या.

ओंकारसाधक

ध्वनीत शक्ती आहे हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं. रोज ओंकार म्हटल्यानं हीच कंपनं तयार होतात, पैसेही लागत नाहीत.

ध्वनिलहरी

ओंकारानं मन शांत होतं, श्वास लांबतो, केमोच्या दिवशी त्याचा आधार वाटतो, माझे वडीलही म्हणायचे. पण हीच कंपनं नव्हेत. आपल्याला ऐकू येतं ते २० हजार हर्ट्झपर्यंत, गळ्यातला आवाज शेकड्यांत. इथल्या लहरी लाखांत आणि त्यांना बिंदूवर धरावं लागतं. मामांना आवडत असेल तर जरूर म्हणावा, केमोबरोबर.

रोहित्र_३३केव्ही

अवांतर: सोनोग्राफी मशीन म्हटलं की आपल्याकडं पीसीपीएनडीटीचा बोर्ड, नोंदणी, फॉर्म. उपचाराच्या मशीनलाही तेच लागणार का?

डॉ_सोनो

१९९४ चा तो कायदा गर्भलिंगनिदान रोखायला आहे आणि गर्भ दिसू शकेल अशा कुठल्याही मशीनची नोंदणी लागते. बर्गनसारखं नेहमीचंच मशीन वापरलं तर अर्थातच लागेल. कागदपत्रांचा ताप होतो, पण या जिल्ह्यात मुलींचं प्रमाण बघितल्यावर मी त्या बोर्डाबद्दल तक्रार करत नाही.

चाळकरी_ताई

मी चर्चा वाचत होते, शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण माझ्या मिस्टरांना हाच आजार होता, हीच दोन औषधं, म्हणून भाच्याला चार गोष्टी सांगते, डॉक्टरांना विचारूनच करा.

स्वादुपिंड नीट काम करत नाही म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, शौचाला तेलकट, तरंगणारं होतं, वजन उतरतं. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात, त्या जेवण झाल्यावर नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या आणि जेवण मोठं असेल तर मध्ये आणखी. आम्हाला हे उशिरा कळलं, कळल्यावर पंधरवड्यात फरक दिसला. एकदम ताटभर वाढू नका, दोन-दोन तासांनी थोडं. आमच्याकडं ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून जायच्या पोटात, भाकरी नाही जायची. मुंग्या फार वाढल्या, शर्टाचं बटण लागेना झालं तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका, डोस कमी करता येतो. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. स्टेंट तुंबला की थंडी वाजून ताप येतो, लघवी परत गडद होते, तेव्हाही तसंच.

मामींना सांगा, पाटल्या राहू द्या. महात्मा फुले योजनेत केमो बसते का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडं विचारलं का?

अक्कलकोटरोड

ताई, काय बोलू. एन्झाइमचं आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, मामा जेवण झाल्यावर घेत होते, तेही आठवण झाली तर. योजनेत नाव आहे, दोन्ही औषधं त्यातच चालू आहेत.

आज ऑन्कॉलॉजिस्टना भेटलो. धाग्यातले मुद्दे वहीत लिहून नेले होते, ते रागावतील असं वाटत होतं पण खुर्ची ओढून बसले. म्हणाले हे संशोधन मला माहीत आहे, सोलापुरात नाही, नेहमीचा उपचार म्हणून देशात कुठंच देत नाहीत, दिलं तर चाचणीतच. मामांचं आत्ता केमोवर ठीक चाललंय, सीए १९-९ (रक्तातला या कॅन्सरचा अंदाज देणारा आकडा) खाली येतोय, पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाहिनीपासून सुटलेली दिसली तर ऑपरेशनचा विचार परत करता येईल, आणि ती संधी अर्धवट केमो सोडून घालवू नका. मग टाटाच्या डॉक्टरांचं मत घ्यायला पत्र दिलं.

फोनवाल्याला मी स्वतः फोन लावला. म्हटलं चाचणी असेल तर नोंदणी नंबर सांगा. म्हणाला कसला नंबर. परत लावला तर उचलत नाही.

कडकभाकरी

झ्याक केलात!! मामाला सांगा, गड्ड्याच्या जत्रेला भेटू, नंदीध्वज बगायला जागा मी धरतो.

पार्कचौक

नंबर कसला ते बाकीच्यांसाठी सांगा ना कुणीतरी.

बार्शीकर

भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत व्हावी लागते, जून २००९ पासून सक्तीची आहे, रजिस्ट्री आयसीएमआरची. नंबर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असा असतो. साइटवर फुकट शोधता येतं, आजाराचं नाव आणि अल्ट्रासाऊंड असे शब्द टाकायचे. कुठल्या हॉस्पिटलात, कोण प्रमुख, भरती चालू आहे की बंद, कोण पेशंट बसतात, सगळं लिहिलेलं असतं. एथिक्स कमिटीचं नावही. संमतीपत्र आपल्या भाषेत मिळायला हवं, घरी नेऊन वाचायला वेळ मिळायला हवा, मधूनच बाहेर पडता यायला हवं आणि इजा झाली तर भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. चाचणीतल्या प्रयोगाच्या भागासाठी कुणी लाखांचं पॅकेज मागत असेल तर ती चाचणी नव्हे.

जुळेसोलापूरकर

+१००. ताईच्या वेळी हे माहीत असतं तर एका ठिकाणचे पैसे वाचले असते. नाव घेत नाही.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

टाटाला जाताय तर ऐका, माझं दर महिन्याला आईला घेऊन जाणं असतं. रात्रीच्या सिद्धेश्वरनं निघा, पहाटे दादरला उतरा, तिथून परळ जवळ. सीटीची फिल्म नुसती नेऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून आधीच घ्या, त्या देतात, पण सही आणि ओळखपत्र लागतं, ऐनवेळी रविवार आला की अडकाल. स्टेंटचा कागद वेगळा लागेल, डिस्चार्ज कार्डात मॉडेल लिहिलेलं नसतं कधीकधी. मामांना खालचा बर्थ मिळाला नाही तर इथं लिहा, माझा बहुतेक कन्फर्म असतो, बदलून देतो. कधीचं जायचं ठरतंय?

अक्कलकोटरोड

पुढची सायकल झाली की, रक्त तपासणी ठीक आली तर लगेच. ब्लॉक उद्याच आणायला जातो. स्टेंटचा कागद मामींच्या ट्रंकेत आहे म्हणतायत, शोधायला लावलाय.